खाड्यापासून भरपगारी रजेपर्यंत

मुंबईच्या गिरणगावात एके काळी एक विचित्र हिशेब चाले. खाडा एका दिवसाचा, कपात दोन दिवसांची. सोमवारी ताप भरला म्हणून कामगार खोलीवर पडून राहिला, तर त्याचा सोमवार बुडेच. वर घाम गाळून मिळवलेला आणखी एक दिवस त्याच्या पगारातून जाई. या शिक्षेला 'डबल खाडा' म्हणत. सगळ्याच गिरण्यांत ती नव्हती, पण बऱ्याच गिरण्यांत होती आणि सरकारी चौकश्यांच्या कागदांत तिची नोंद आहे. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने ती बंद पाडली. जितके दिवस गैरहजेरी तितक्याच दिवसांचा पगार कापायचा, जास्त नाही, असे या कायद्याने बजावले. दहा किंवा अधिक कामगार संगनमताने, नोटीस न देता गैरहजर राहिले तर मात्र प्रत्येकाचा आठ दिवसांपर्यंतचा पगार कापण्याची मुभा मालकाला राहिली. संपाची धास्ती कायदा करणाऱ्यांच्या मनातून गेली नव्हती.

त्याच १९३६ च्या जूनमध्ये जीनिव्हात आंतरराष्ट्रीय श्रम परिषद भरली होती. वर्षभर सलग नोकरी केलेल्या कामगाराला निदान सहा दिवसांची भरपगारी रजा मिळालीच पाहिजे, असा करार तिथे मंजूर झाला. कामावर न आल्याबद्दल दुप्पट कापणे इकडे नुकतेच थांबत होते आणि कामावर न येताही पूर्ण पगार देण्याची भाषा तिकडे सुरू झाली होती. मुंबईच्या कामगाराला एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला आणखी जवळजवळ दहा वर्षे लागली. आणि सुरुवात मोजायची तर त्याच्याही बरीच मागे, १८८४ पर्यंत, जावे लागते.

या साऱ्या काळात प्रश्न तीनच होते. कामगाराला विश्रांतीचा दिवस मिळतो का? मिळाला तर त्या दिवसाचा खर्च कोण सोसतो? आणि विश्रांती घेऊन तो परतला, तर त्याची जागा शिल्लक असते का? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकदम मिळाली नाहीत. एकेका उत्तरासाठी एकेक पिढी खर्ची पडली.

रविवार

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला त्यांची कापडगिरणी सुरू झाली. पुढच्या वीस वर्षांत परळ, लालबाग, भायखळा या भागांत चिमण्या वाढत गेल्या. गिरणीचा दिवस सूर्यावर चाले. उजाडले की इंजिन सुरू, मावळले की बंद. त्यामुळे उन्हाळ्यात दिवस लांबला की कामही लांबे. दिवाळी-होळीसारख्या मोठ्या सणांना गिरणी बंद राही, पण आठवड्याची अशी ठरलेली सुटी नव्हती. एखाद्या रविवारी इंजिन थांबले, तरी साचे पुसायला, यंत्रे साफ करायला कामगारांना बोलावणे येई आणि अर्धा दिवस त्यातच जाई.

कायदा करावा अशी ओरड पहिल्यांदा झाली ती लँकेशायरमधून. मुंबईच्या गिरण्या स्वस्त मजुरीवर, अमर्याद तास चालतात आणि आपल्या मालाशी स्पर्धा करतात, हे तिथल्या कारखानदारांना खुपत होते. त्यांच्या कळवळ्यात स्वार्थ किती होता हे उघड आहे. मुंबई सरकारने १८७५ मध्ये आयोग नेमला. त्यात गिरणीमालकांचा भरणा होता आणि कायद्याची गरज नाही, असेच बहुमताचे म्हणणे पडले. त्याच वर्षी मुंबईच्या गिरणीमालकांनी आपली संघटनाही उभी केली. मुंबईकरांपैकी कायद्याचा आग्रह धरणारे ठळक नाव सोराबजी शापुरजी बंगाली यांचे. अखेर १८८१ मध्ये पहिला फॅक्टरी कायदा झाला. तो शंभर किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या कारखान्यांपुरता होता आणि त्यातले तासांचे आणि सुट्यांचे संरक्षण फक्त मुलांना होते: सात वर्षांखालच्या मुलांना कामाला लावू नये, सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम देऊ नये, त्यांना महिन्यातून चार सुट्या द्याव्यात. त्या मुलांच्या आईबापांच्या तासांबद्दल, सुट्यांबद्दल कायद्यात एक अक्षर नव्हते.

नारायण मेघाजी लोखंडे यांचा प्रवेश होतो तो इथे. १८४८ साली ठाण्यात जन्मलेल्या लोखंड्यांनी रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकऱ्या केल्या आणि मग मांडवीच्या एका गिरणीत ते स्टोअरकीपर झाले. गिरणी त्यांनी आतून पाहिलेली होती. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते. १८८० पासून 'दीनबंधु' हे पत्र त्यांच्या हाती होते. मुंबई सरकारने १८८४ मध्ये दुसरा आयोग नेमला. त्यापुढे मालक बोलतील, डॉक्टर बोलतील, अधिकारी बोलतील. कामगाराच्या वतीने कोण बोलणार, हा प्रश्न लोखंड्यांनी सोडवला. २३ आणि २६ सप्टेंबर १८८४ या दिवशी परळला कामगारांच्या सभा झाल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले.

त्या निवेदनातल्या मागण्या आज वाचल्या, तर पुढच्या साठ-सत्तर वर्षांची अनुक्रमणिका वाचल्यासारखे वाटते. दर रविवारी पूर्ण सुटी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. सकाळी साडेसहाला काम सुरू आणि सूर्यास्ताला बंद. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. आणि कामावर अपघात झाला, तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार. कायमचा अपंग झाला, तर पोटापाण्याची सोय. शेवटच्या मागणीकडे जरा थांबून पाहावे. अंथरुणावर पडलेल्या माणसाला पूर्ण पगार द्या, असे १८८४ मध्ये म्हणणे म्हणजे काम नाही तर दाम नाही या गिरणीच्या मूळ नियमालाच हात घालणे होते.

मागण्या मान्य झाल्या नाहीत. पण मागणी मेली नाही. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. त्या काळच्या मुंबईत ही साधी गोष्ट नव्हती. साप्ताहिक सुटीचा अर्ज मालक संघटनेकडे गेला आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने नेमलेल्या फॅक्टरी आयोगात मुंबईपुरते स्थानिक सहसदस्य म्हणून लोखंड्यांना बसवण्यात आले. सहा वर्षांपूर्वी ज्याने आयोगाच्या दारात निवेदन नेले होते, तो आता आयोगाच्या बैठकीत होता.

१८९१ चा कायदा झाला आणि १ जानेवारी १८९२ पासून लागू झाला. आठवड्याला एक सुटी आणि दुपारी अर्धा तास काम बंद, हे आता मालकाच्या मर्जीवर राहिले नाही. बायकांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा आली, मुलांचे वय आणि तासही बदलले. रविवार हा साहेबाच्या चर्चचा दिवस खरा, पण देशावरून आलेल्या कामगाराला तो परका वाटण्याचे कारण नव्हते. खंडोबाचा वारही तोच. लोखंडे प्लेगच्या साथीत काम करता करता ९ फेब्रुवारी १८९७ रोजी गेले. भारत सरकारने त्यांच्यावर टपाल तिकीट काढले ते २००५ मध्ये.

सव्वीस दिवसांचा महिना

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले होते. दुसऱ्याला मात्र कुणी हात लावला नव्हता. रविवारी गिरणी बंद राहिली, तसा त्या दिवसाचा पगारही बंद राहिला. गिरणीकामगाराचा महिना तीस दिवसांचा नसे, सव्वीसचा असे. १९४७ मध्ये औद्योगिक न्यायालयाने मुंबईच्या कापडगिरण्यांसाठी किमान मूळ वेतन ठरवले तेही तीस रुपये, 'सव्वीस दिवसांच्या महिन्याला'. विणकर तर कापडाच्या मापावर पैसे मिळवी. साचा थांबला की त्याची कमाई थांबली. म्हणजे लोखंड्यांनी मिळवलेल्या रविवारचा खर्च कामगार स्वतःच करत होता. मालकाने फक्त दार लावून घेतले होते.

याच शहरात, बोरीबंदर आणि फोर्टमधल्या सरकारी कचेऱ्यांत, वेगळेच जग नांदत होते. सरकारी नोकराला अकरा महिने काम केले की एक महिना 'प्रिव्हिलेज लीव्ह' पडे. ती साठवता येई. इंग्रज अधिकाऱ्याला विलायतेला जाण्यासाठी फर्लोची लांबलचक रजा होती. हिंदुस्थानच्या हवेत युरोपियन माणसाची प्रकृती ढासळते, त्याला विश्रांती हवी, हा त्यामागचा युक्तिवाद. कापसाच्या पुंजक्यांनी भरलेल्या हवेत, वाफेने दमट ठेवलेल्या विणकाम खात्यात बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसाच्या प्रकृतीला तो युक्तिवाद लावायचे मात्र कुणाला सुचले नाही. भरपगारी रजा ही कल्पना सरकारला अपरिचित नव्हती. तिच्यावर हक्क कुणाचा, एवढाच प्रश्न होता.

काम न करता पैसे, या कल्पनेला गिरणीत पहिली फट पडली ती अपघात आणि बाळंतपण या दोन वाटांनी. १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा १ जुलै १९२४ पासून लागू झाला आणि जखमी कामगाराला थोडीफार भरपाई मिळू लागली. लोखंड्यांच्या मागणीला तोवर चाळीस वर्षे झाली होती. पुढे रावसाहेब आसवले यांनी मुंबई कायदेमंडळात गिरणीतल्या बायकांसाठी प्रसूतिलाभाचे विधेयक आणले. जुलै १९२८ च्या चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि म्हणून त्याचा भार सरकारनेही उचलायला हवा, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ मध्ये हा कायदा झाला. असा कायदा करणारा मुंबई इलाखा देशात पहिला. विश्रांती ही ज्याच्या-त्याच्या घरची बाब नाही, तिचा खर्च समाजाने आणि उद्योगाने उचलायचा असतो, हे तत्त्व पहिल्यांदा मान्य झाले ते गिरणीतल्या बायांच्या नावाने.

गावाकडची बोट आणि दारातला मुकादम

तिसरा प्रश्न सगळ्यांत बोचरा होता. मुंबईचा गिरणीकामगार मुख्यतः रत्नागिरीचा, साताऱ्याचा, पुण्याच्या मावळपट्टीचा. बायकामुले, म्हातारे आईबाप, भाताचे चार वाफे गावी. तो खानावळीत जेवून दहाजणांच्या खोलीत पथारी टाकणारा. शिमग्याला, लग्नसराईत, पेरणीच्या तोंडावर त्याला गावी जावेच लागे. कोकणात जायचे तर बोटीने, आणि पावसाळा सुरू झाला की बोटी बंद. त्यामुळे एप्रिल, मे, जून या महिन्यांत गिरण्यांची हजेरी घसरत असे आणि मालकांच्या अहवालांत 'हिंदी कामगार बेभरवशाचा' हा शेरा दर वर्षी नव्याने उमटे.

पण हा माणूस रजा घेऊन जात नसे. तो नोकरी सोडून जाई. कारण रजेची सोयच नव्हती. दोन महिन्यांनी परत आला की पुन्हा गिरणीच्या दारात. आत घ्यायचे की नाही हे ठरवणार मुकादम, म्हणजे जॉबर. बायकांच्या खात्यात नायकीण. त्यांना दस्तुरी दिली तर जागा. गावाला जाताना सावकाराकडून काढलेले कर्ज, येताना मुकादमाला द्यायची दस्तुरी आणि मधल्या दिवसांचा बुडालेला पगार, असा त्या रजेचा एकूण खर्च असे. आणि त्याची जागा त्या दोन महिन्यांत जो भरी तो बदली. रोज पहाटे भोंग्याच्या आधी गिरणीच्या दारात उभे राहायचे. कुणी आला नाही तर त्याच्या साच्यावर काम, सगळे आले तर हात हलवत घरी. एका कामगाराची विश्रांती म्हणजे दुसऱ्याची रोजी, अशी ही साखळी होती आणि तिची कडी मुकादमाच्या हातात होती.

१९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगाने हे सारे तपासले. ना. म. जोशी त्याचे सदस्य होते. सोशल सर्व्हिस लीगपासून कामगारांच्या वस्त्यांत काम केलेला हा माणूस गिरणगाव जवळून ओळखत होता. १९३१ च्या अहवालात आयोगाने मालकांची जुनी तक्रार उलटवली. कामगाराला शहराची ओढ असते म्हणून तो येत नाही, गावात पोट भरत नाही म्हणून त्याला यावे लागते. त्याचे गावाशी असलेले नाते तोडायला जाऊ नका, ते सांभाळून त्याला शिस्त लावा. ठरावीक मुदतीची रजा द्या, परतल्यावर त्याची जागा त्यालाच मिळेल याची हमी द्या, आणि भरतीचा अधिकार मुकादमाकडून काढून घ्या. १९३५ मध्ये मालक संघटनेने बदली कामगारांना कार्डे देऊन त्यांची नोंद ठेवायला सुरुवात केली. मुकादमाची पकड ढिली व्हायला लागली, सुटली मात्र नाही.

जीनिव्हा ते दिल्ली

मग ते १९३६ साल आले. फ्रान्समध्ये मे-जूनमध्ये कामगारांनी कारखाने ताब्यात घेऊन संप केला, लेऑं ब्लूम यांचे सरकार आले आणि २० जूनच्या कायद्याने फ्रेंच कामगाराला वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. चारच दिवसांनी, २४ जूनला, जीनिव्हाचा करार मंजूर झाला. ब्रिटनने आपला भरपगारी सुट्यांचा कायदा १९३८ मध्ये केला. आणि मुंबईत त्याच १९३६ च्या ऑगस्टमध्ये आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. त्याच्या जाहीरनाम्यात कामाचे तास, पुरेसे वेतन यांच्याबरोबर भरपगारी रजेचेही कलम होते. जीनिव्हाच्या करारावर हिंदुस्थान सरकारने लगेच पाऊल उचलले नाही. पण निदान एका पक्षाने ती मागणी मतदारांपुढे ठेवली होती.

जाहीरनामा लिहिणाऱ्याच्या हाती तो अमलात आणायची सत्ता क्वचितच येते. इथे ती आली. जुलै १९४२ मध्ये आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. परळच्या बी.आय.टी. चाळीत त्यांची वीसेक वर्षे गेली होती. गिरणीचा भोंगा त्यांना अहवालात वाचावा लागला नव्हता. सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलाभोवती बसवणारी त्रिपक्षीय परिषद त्यांच्या कारकिर्दीत सुरू झाली. महायुद्ध चालू होते, कारखान्यांना माणसे हवी होती, संप सरकारला परवडणारे नव्हते. मागणी मान्य होण्याला ही परिस्थितीही कारणीभूत होती, हे नाकारण्यात अर्थ नाही.

१९४५ मध्ये १९३४ च्या फॅक्टरी कायद्यात नवे प्रकरण घालण्यात आले. बारमाही चालणाऱ्या कारखान्यात बारा महिने सलग नोकरी केलेल्या प्रौढ कामगाराला दहा दिवसांची आणि मुलांना चौदा दिवसांची भरपगारी रजा. अंमल १ जानेवारी १९४६ पासून. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ झाले. महालक्ष्मीच्या मैदानावरल्या सभेला तेव्हा ५६ वर्षे झाली होती. आता कामगार गावी जाणार होता आणि त्याचा साचा दुसरा कुणी चालवत असतानाही त्याच्या नावावर पगार पडणार होता. हा पैसा मालकाने त्याला बक्षीस म्हणून दिलेला नव्हता. वर्षभराच्या कामातच तो मिळवलेला होता, फक्त हातात उशिरा येत होता.

वीस दिवसांना एक

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा फॅक्टरी कायदा आला आणि १ एप्रिल १९४९ पासून लागू झाला. त्याचे आठवे प्रकरण भरपगारी वार्षिक रजेचे. १९५४ च्या दुरुस्तीने त्याला जो आकार मिळाला, त्यावर दोन पिढ्यांची नोकरी झाली. हिशेब सोपा होता. कॅलेंडर वर्षात निदान २४० दिवस काम भरले की पुढच्या वर्षी दर वीस दिवसांना एक दिवस रजा. मुलांना पंधरा दिवसांना एक. ३०० दिवस भरले तर पंधरा दिवस, नेमके २४० भरले तर बारा. अर्धा दिवस किंवा जास्त उरला तर तो पूर्ण धरायचा. मध्येच नोकरीला लागलेल्याला वर्षाच्या उरलेल्या दिवसांपैकी दोन तृतीयांश भरावे लागत.

बारकावे मात्र पाहण्यासारखे आहेत, कारण प्रत्येक बारकाव्यामागे गिरणीच्या दारातले एखादे जुने दुखणे आहे. ले-ऑफचे दिवस, बारा आठवड्यांपर्यंतची बाळंतपणाची रजा आणि आदल्या वर्षाची मिळवलेली रजा हे २४० मध्ये धरले जात. मालकाने काम दिले नाही किंवा बाई बाळंत झाली, याची शिक्षा रजेच्या खात्यावर पडू नये म्हणून. रजेच्या मध्ये किंवा दोन्ही टोकांना येणारे सुटीचे दिवस रजेत मोजायचे नाहीत. म्हणजे रविवार रजेने गिळायचा नाही. पंधरा दिवस आधी अर्ज करायचा, वर्षात रजा तीन वेळांपर्यंत तोडून घेता येई. न घेतलेली रजा तीस दिवसांपर्यंत पुढच्या वर्षात नेता येई. पण रीतसर मागूनही मालकाने नाकारली असेल, तर तिला ही मर्यादा नव्हती. चार दिवस किंवा त्याहून अधिक रजा मंजूर झाली की तिचा पगार रजेवर जाण्याआधी हातात द्यायचा. गावाला निघालेल्या माणसाने सावकाराच्या दारात जाऊ नये, हे या एका कलमाने साधले.

आणि सर्वांत बोलके कलम पुढचे. कामगार नोकरी सोडून गेला, त्याला काढले, तो निवृत्त झाला किंवा वारला, तरी शिल्लक रजेचा पगार द्यावाच लागतो. मृत्यूनंतर तो वारसाला दोन महिन्यांच्या आत मिळायला हवा. कृपेने दिलेली गोष्ट माणसाबरोबर संपते. वारसाला जाते ती मालमत्ता. रजा ही कमाई आहे, याचा याहून पक्का पुरावा कायद्यात शोधण्याची गरज नाही.

पण २४० दिवसांच्या उंबरठ्यावर बदली कामगार अडखळला. त्याला कधी कामावर घ्यायचे हे दुसऱ्याच्या हातात, त्यामुळे त्याचे दिवस भरतीलच असे नव्हते. दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे बदलीत काढलेली माणसे गिरण्यांत होती. १८ जानेवारी १९८२ ला कामगारनेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा पगारवाढीबरोबर बदलींना कायम करा ही मागणी होती. तो संप जिंकला गेला नाही. पुढे गिरण्याच गेल्या. रजेचा हक्क मिळवणारी माणसे हक्काच्या जागेलाच मुकली.

कायदा कुठवर पोचला

कारखान्याबाहेर हा हक्क हळूहळू सरकला. मुंबई प्रांताचा दुकाने व आस्थापनांचा कायदा १९३९ चा, देशातला पहिला. त्याची जागा पुढे १९४८ च्या आणि मग महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याने घेतली. २०१७ चा कायदा झाला तेव्हा तो दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी होता. त्यात आठ दिवस किरकोळ रजा, २४० दिवसांच्या कामानंतर वीस दिवसांना एक या दराने भरपगारी रजा, ती ४५ दिवसांपर्यंत साठवण्याची मुभा आणि वर्षाला आठ भरपगारी सणसुट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर ठरलेल्या, बाकीच्या चार मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या. केंद्राच्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने २४० दिवसांची अट १८० वर आणली. वीसास एक हा दर तसाच ठेवला आणि वर्षअखेरीस शिल्लक रजेचे पैसे मागण्याचा हक्कही दिला. सरकारी कचेरीतल्या अकरास एकच्या दराशी बरोबरी मात्र अजूनही झालेली नाही.

उंबरठा खाली आला ही चांगलीच गोष्ट. पण उंबरठा ज्या घराला आहे, त्या घरात शिरता येणारेच थोडे. कंत्राटदार बदलून दर काही महिन्यांनी नव्याने लावलेला सफाई कामगार, ॲपवरून जेवण पोचवणारा मुलगा, नाक्यावर उभा राहणारा बिगारी यांच्या हजेरीचे दिवस कोणत्याही एका वहीत जमा होत नाहीत. दिवस मोजलेच जात नसतील, तर वीसांना एक कशाचा काढणार? रजेचा कायदा हजेरीपटावर उभा असतो. म्हणून आज रजा बुडवायची असेल तर ती नाकारावी लागत नाही. माणसाचे नाव पटावर येऊ दिले नाही की काम भागते. लोखंड्यांच्या काळात मालक उघडपणे नाही म्हणत होता. आता नाही म्हणायला समोर मालकच सापडत नाही.

आणि एक मालक आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात असतो. पुण्यात १९८० मध्ये मोलकरणींनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदाही केला. पण धुणीभांडी करणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या बाईंना वर्षाला किती दिवस भरपगारी रजा, हे आजही कायदा ठरवत नाही. ती ज्या घरी जाते त्या घरची माणसे ठरवतात. स्वतःच्या शिल्लक रजेचा तपशील पगारपत्रकावर दर महिन्याला तपासणारी आपण माणसे महिनाअखेर बाईंचे न आलेले दिवस तितक्याच तत्परतेने मोजतो. साठ-सत्तर वर्षांच्या भांडणानंतर ठरलेले माप तर आपल्याला ठाऊक आहे. वर्षातले तीनशे दिवस काम करणाऱ्या माणसाला पंधरा दिवसांची भरपगारी रजा. ती देण्यासाठी आयोग नेमावा लागत नाही, कायद्याची वाटही पाहावी लागत नाही. या महिन्यापासून ती देता येईल.